शांत आकडा

मित्रांनो, तळहाताएवढी हिरवी सर्किटची पट्टी म्हणजे मी. आता जुनी झाले, कडाही करपल्या. नवजात बाळांच्या वॉर्डात काचेची उबदार पेटी आहे, तिच्या खालच्या डब्यात मी राहते. बाळाच्या पोटाला चिकटवलेला सेन्सर जे पुटपुटतो ते इतकं बारीक असतं, की कुणाला ऐकूच जाणार नाही. ते मोठं करायचं, त्यातली खरखर गाळायची आणि वर बाळाच्या तापमानाचा आकडा दाखवायचा, हे माझं काम. त्या आकड्यावरच हिटर चालतो नि थांबतो.

मला घडवणाऱ्या इंजिनिअरबाई भारी चिकित्सक. खरखर गाळणारा कपॅसिटर निवडायला त्यांनी चार दिवस घालवले. सोबतचे वैतागले, "अहो, मोठा टाका नि मोकळ्या व्हा."

बाई म्हणाल्या, "मोठा टाकला तर आकडा शांत दिसेल, पण उशिरा सांगेल. बाळाला उशीर चालत नाही."

वर्षानुवर्षं मी वेळेवर सांगितलं. डॉक्टर माझ्या पेटीवर डोळे झाकून विश्वास टाकायचे. मला केवढा अभिमान वाटायचा.

मग सेन्सरची वायर आतून खराब झाली आणि आकडा नाचू लागला. "डोकं उठवलंय याने," सिस्टर म्हणाल्या. दुरुस्तीवाले काका आले. वायर बदलायची सोडून त्यांनी मलाच उघडलं, बाईंचा कपॅसिटर उपटला नि चांगला दांडगा बसवला. "आता बघा कसा गुमान बसतो ते." आकडा खरंच गुमान बसला. सगळे खूश झाले. माझी जीभ मात्र जड झाली ती कायमची.

परवा एक बाळ तापलं. मी जिवाच्या आकांताने सांगत होते, पण माझा शब्द दोन मिनिटं मागे, आणि हिटर पेटलेलाच. नशीब, आईने आत हात घातला. "सिस्टर, अंग भाजतंय हो याचं." बाळ वाचलं. हिटरच बिघडला असं समजून काकांनी तो बदलला. माझा आकडा शांत होता, म्हणून मला कुणी उघडलंच नाही.

आज आत दुसरं बाळ आहे, जेमतेम दीड किलोचं. नवा हिटर जुन्याहून तेज आहे. बाळाची मावशी काचेला नाक लावून बसली आहे. "आकडा अगदी छान आहे," ती फोनवर बहिणीला सांगते आहे. इकडे सेन्सर मला सारखा ओरडून सांगतो आहे, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. काय करू मी?

मित्रांनो, मोठेपणी यंत्रं दुरुस्त कराल तेव्हा नाचणाऱ्या आकड्याला गप्प करण्याआधी तो का नाचतोय ते शोधा. पण ते पुढचं झालं. आत्ता इथे कुणी असेल तर हात जोडते, पेटी उघडा. वर छत्तीस पूर्णांक आठ दिसतंय. ते दोन मिनिटांपूर्वीचं आहे.