फोन मोकळा ठेवा

संध्याकाळचे सात वाजले, की त्या घरातल्या माणसांच्या तोंडाला कुलूप लागत असे. टीव्हीवर ‘उघड पेटी’ सुरू व्हायचं. नवरा जेवता जेवता मीठसुद्धा खुणेनं मागायचा आणि आठवीतली मुलगी वही उचलून जिन्यात जाऊन बसायची. खुर्चीच्या हातावर मोबाइल ठेवलेला असायचा आणि त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी घरची बाई.

ती तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. अकरा वर्षं तेच काम, म्हणून सगळे तिला ‘बटणवाली’ म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे.

खेळ अगदी सोपा होता. मंचावर वीस पेट्या. त्यातली एक निवडायची. आत चकचकीत गाडीची किल्ली निघेल, नाही तर कोबीचा गड्डा. प्रश्न नाही, उत्तर नाही. घरी बसलेल्यांनाही संधी होती. नाव नोंदवलं की कुठल्याही दिवशी, कार्यक्रम चालू असताना फोन येणार. तीन रिंगांच्या आत उचलला तर पेटी निवडा; फोन गुंतलेला असला तर संधी पुढच्या माणसाला.

बटणवालीनं नाव नोंदवल्याला सात महिने झाले होते. सात महिन्यांत त्या तासाला ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. फोन बरोबर न्यायचा, तर गर्दीत रिंग ऐकू येईल का, रेंज मिळेल का, ही धास्ती. चुलतबहिणीच्या लग्नाचं जेवणसुद्धा चुकवलं होतं.

“सोड आता,” नवरा एकदा म्हणाला.

“सोडू कशी? इतके दिवस थांबले. आज सोडलं आणि आजच आला तर?”

जितके दिवस जास्त जात, तितकं उठणं अवघड होत होतं. कधी कधी कार्यक्रमाचं संगीत सुरू झालं की तिला बरं वाटण्याऐवजी धडकीच भरायची. तरी ती बसायचीच.

कारखान्यात कापड बेतून कापणारी एक साठीची बाई होती. बाई असूनही सगळे तिला ‘मास्तर’ म्हणत. तिची निवृत्ती जवळ आली होती. एक दिवस तिनं बटणवालीला बोलावलं.

“माझ्या जागी तू ये. कापायला शिकवते. सोमवारपासून संध्याकाळी सात ते साडेआठ, सहा आठवडे.”

“संध्याकाळी नाही जमायचं, मास्तर.”

“घरी कुणी आजारी आहे?”

“नाही. पण... फोन यायचा असतो.”

“सोमवारपर्यंत विचार कर,” मास्तर म्हणाली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. नवरा कामावर होता. पहिली पेटी उघडत होती, इतक्यात मोबाइल वाजला. बटणवालीनं त्यावर झडप घातली. बघते तर नाना, तिचे वडील. मागच्या गल्लीत एकटेच राहायचे. तिनं फोन कापला. मिनिटभरात परत वाजला. परत कापला.

“आजोबांचा आहे ना? घे की,” मुलगी जिन्यातून म्हणाली.

“आठनंतर करते. वेळकाळ काही कळत नाही या माणसाला.”

आठ वाजता तिनं फोन लावला. नानांचा आवाज अगदी खोल गेला होता. “जरा येतेस का गं? बाथरूमची कडी अडकलीय. आतच आहे मी.”

ती अनवाणीच धावली. वाटेत सुताराला बरोबर घेतलं. दार बिजागरीतून काढावं लागलं. आत नाना उलट्या बादलीवर, हातात फोन धरून, भिंतीला टेकून बसले होते. अंगात ओला सदरा, ओठ निळे पडलेले. तिनं त्यांना कोरड्या चादरीत गुंडाळलं, गरम पाणी पाजलं.

“नाना, परत फोन का नाही केलात?”

“दोनदा केला की. मग आठवलं, तुझ्या पेटीची वेळ. म्हटलं, आपण लाइन अडवून बसायचो आणि नेमका त्यांचा फोन यायचा.” नानांनी पेला खाली ठेवला. “आला का गं?”

तिनं नानांचे गार पाय मांडीवर घेतले आणि ती ते चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मास्तरला सगळं सांगितलं. “सख्ख्या बापाचा फोन कापला मी. लोभ वाईट, दुसरं काय.”

“लोभ नाही गं,” मास्तर म्हणाली. “तू शाळा का सोडलीस?”

“नववीत गणितात नापास झाले. बाईंनी वर्गासमोर उभं करून उत्तरपत्रिका वाचून दाखवली होती.”

“मग बघ. त्या खेळात तुला कुणी काही विचारत नाही. तिथं कुणी नापास होत नाही. कोबी निघाला तरी लोक हळहळतात, हसत नाहीत. म्हणून तुला तिथं बरं वाटतं. तुला गाडी नकोय, तुला परीक्षा नकोय.”

बटणवालीनं डबा बाजूला सरकवला, तशी मास्तर पुढं म्हणाली,

“आणि फोन कधी येणार, हे ते टीव्हीवाले का सांगत नाहीत? सांगितलं तर तू एकच दिवस टीव्ही लावशील. सांगितलं नाही, म्हणून तू सात महिने बसलीस. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, हे आपण ऐकलेलं असतं. पण खाटल्यावर बसवून ठेवण्यात दुसऱ्याचाही फायदा असतो, हे कुणी सांगत नाही.”

“आणि मला कापणं नाही जमलं तर?”

“तर कापड वाया जाईल. मी ओरडेन. तू दुसऱ्या दिवशी परत ये.”

सोमवारी सातला ती कापायच्या टेबलाशी उभी होती. पहिला आठवडा कागदावर गेला. दुसऱ्या आठवड्यात तिनं सदऱ्याच्या बाह्या कापल्या, मास्तरनं त्या उचलून पाहिल्या आणि ती खो खो हसत सुटली. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या होत्या!

बटणवालीचा चेहरा पडला. “माझं नशीबच फुटकं.”

“नशीब कुठलं? तू कापड उलटवलं नाहीस. ही चूक आहे. चूक कुठं झाली ते कळतं, आणि कळलं की सुधारता येते. कोबी का निघाला, ते कळतं का कुणाला?”

बटणवालीनं कापड परत पसरलं, उलटवलं आणि खडूनं रेघ मारली.

वाचकहो, नशीब नसतं असं नाही. ते यायचं तेव्हा येवो. पण त्याच्यासाठी फोन मोकळा ठेवताना आपली माणसं दाराआड अडकून पडत नाहीत ना, आणि आपले हात शिकायचे राहत नाहीत ना, एवढं मात्र आपण प्रत्येकानं आपल्या घरात पाहावं. नशिबाची वाट बघणाऱ्याला चुका करता येत नाहीत, म्हणून त्याला शिकताही येत नाही.