शेवटच्या मुठीचा मान

आषाढात औंढे गावच्या भातखाचरात लोकरीचा कोट घालून यायला माणूस एक तर वेडा हवा, नाहीतर महिपती. लोणावळ्याला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर तो बटलर होता. साहेब विलायतेला जाताना आपला जुना कोट त्याला देऊन गेला, आणि तेव्हापासून महिपतीचे पाय जमिनीला लागेनात.

त्याच तोऱ्यात त्यानं लेकीच्या लग्नात घोंगडी पांघरून आलेल्या, बापाच्या वयाच्या भिमाजीला भर पंगतीतून उठवलं होतं. "पंगतीत घोंगडी? ऊठ. बंगल्यावरची मानसं यायची हायती." म्हातारा उपाशी घरी आला. पुन्हा कुणाच्या पंगतीला बसला नाही. त्याच्या बायकोनं, अंबूबाईनं, ते शब्द जसेच्या तसे जपून ठेवले.

भाताची लावणी संपायच्या दिवशी रोपांची शेवटची मूठ मानाच्या माणसानं लावायची, मग सगळ्यांनी खोपीत जेवायचं, ही गावची रीत. अंबूबाई स्वतः महिपतीच्या दारात गेली. "भाऊ, औंदा आमच्या खाचरातली मूठ तुमच्या हातची. पर कोट घालूनच या! बायास्नी बघायचाय."

आला की गडी! कोट, फेटा, नाडीचे बूट. पाऊस नुसता कोसळत होता. कोट पाणी पिऊन भिजल्या पोत्यासारखा लोंबायला लागला.

"महिपती, बूट तरी काढ बाबा," भिमाजी म्हणाला.

"तू नगं शिकवूस मला!" म्हणत महिपतीनं खाचरात पाय टाकला आणि गुडघाभर रुतला. बूट उपटायला वाकला, तर कोटाच्या भारानं तोंडावरच पडला. बायका रोपं टाकून हसल्या. अंबूबाईला बरं वाटलं, पण तेवढ्यानं तिचं भागणार नव्हतं.

भिमाजीनंच त्याला ओढून काढलं. बूट चिखलातच राहिले. महिपतीचे दात वाजू लागले, तेव्हा म्हाताऱ्यानं त्याचा कोट उतरवून आपली घोंगडी त्याच्या अंगावर घातली.

खोपीत पानं मांडली. महिपती मुकाट्यानं पानावर बसला. भिमाजी दाराशीच उभा. अंबूबाई भात वाढत आली आणि महिपतीपुढं थांबली.

"पंगतीत घोंगडी?" ती म्हणाली. "ऊठ."

कुणी हसलं नाही.

"अगं, वाढ की त्याला," भिमाजी पुटपुटला.

अंबूबाई हलली नाही. महिपती खाली मान घालून उठला. तिनं नवऱ्याला हाताला धरून त्याच पानावर बसवलं, भाताचा ढीग वाढला.

"जेवा पोटभर," ती म्हणाली. "आन् त्याच्या अंगावरची घोंगडी काढून घिऊ नगा. घरापोतर तशीच जाऊ द्या. समदं गाव बघंल."