गाडीखाली असेपर्यंत

“वहिनी, तू बोलत राहा. काय वाटेल ते बोल, पण गप्प बसू नको.”

एवढं सांगून हिरू जॅक आणि लाकडी ठोकळ्यांवर उचललेल्या जीपखाली सरकला. छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. नाकापासून वीतभर अंतरावर गाडीचं काळंकुट्ट, तेलाने माखलेलं पोट. दोन वर्षांत तो कुठल्याच गाडीखाली गेला नव्हता. सायवन गावात त्याने पाठ दुखते असं सांगून ठेवलं होतं, कमरेला पट्टासुद्धा बांधायचा. पाठ चांगली ठणठणीत होती हो. वाटायची ती भीती, आणि मिस्त्रीने भीती वाटते असं सांगायचं तरी कुणाला?

चंद्रिकाला मात्र त्याला नाही म्हणता आलं नाही. ती त्याच्या मेलेल्या जोडीदाराची, काळ्याची बायको, आणि जीपही काळ्याचीच. चारही चाकांना ओढ असलेली ही जुनी गाडी वरच्या पाड्यांची चढण चढायची, जिथे दुसरं कुणी गाडी घालत नसे. काळ्या गेल्यावर चंद्रिकाचा भाऊ धनेश ती चालवू लागला आणि घर त्या गाडीवरच उभं राहिलं. आता पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या छोट्या गिअरबॉक्समधून तेल गळून गळून गाडी बसली होती. धनेशने ती ओढत आणून हिरूच्या अंगणात लावली आणि तो तेल अडवणारं नवं सील आणायला तलासरीला गेला.

“बोलू काय पण?” चंद्रिकाने विचारलं.

“काहीपण. अच्छाडला आमची रीतच होती तशी.”

अच्छाडला हायवेवरच्या एका गॅरेजात हिरू आणि काळ्या बावीस वर्षं एकत्र राबले. एक जण गाडीखाली शिरला की दुसऱ्याने बाहेर बसून जॅकवर नजर ठेवायची आणि तोंड चालू ठेवायचं. आवाज येतोय म्हणजे कुणीतरी बघतंय. आवाज थांबला की हातातलं टाकून खालच्याने बाहेर यायचं. या रीतीपायी दोघांनी एकमेकांना इतक्या फालतू गोष्टी सांगितल्या होत्या की विचारू नका.

चंद्रिका बोलू लागली. शेजारणीची बकरी वालाच्या वेलात शिरली ते सांगितलं. मग लेकीवर आली. “दक्षा म्हणते, डहाणूला हॉस्टेलात भात चांगला नसतो. पाणी जास्त घालतात. मी म्हटलं, मग तू शिजव बाई.”

“हं,” हिरू खालून म्हणत होता. बोलण्याच्या आधाराने त्याचा हात जरा सुधारला. आधी सायलेन्सरचा पाइप काढला, कारण तो आडवा येत होता. मग चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट सोडले. गिअरबॉक्सचा शेवटचा बोल्ट सगळ्यात वाईट. तो वरच्या बाजूला, दिसतच नाही; मनगट वाकडं करून, बोटांनी चाचपून सोडायचा. आणि तो सुटला की चाळीस किलोचं ते धूड खालच्याच्या अंगावर येतं. म्हणून गाडीच्या आतून तळाची झाकणी काढून गिअरबॉक्सला दोर बांधला होता. दोन्ही दारांवर आडवा बांबू टाकून त्याला दोराचे दोन वेढे दिले होते. दोराचं टोक चंद्रिकाच्या हातात होतं.

बोल्ट सुटला. गिअरबॉक्स खाली आला आणि त्याच्या पोटावरच्या गोणपाटावर टेकला.

“वहिनी, बोट बोट करून सैल सोड.”

“सोडते.” मग ती सहज म्हणाली, “हिरूभाऊ, हे गेले त्या दिवशी बाहेर बसून यांच्याशी कोण बोलत होतं रे?”

हिरूने दोन वर्षं सगळ्यांना एकच सांगितलं होतं, की मी शेजारच्या ट्रकखाली होतो. आताही तेच सांगता आलं असतं. त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त धुळीतले पाय दिसत होते. त्या पायांकडे बघून त्याच्याने खोटं बोलवेना.

“मी होतो.”

हिरूच पुढे सांगत गेला.

“चहा प्यायला गेलो, वहिनी. आलोच म्हटलं. मी आलोच म्हटलं म्हणून तो खाली थांबला. टपरीवर ओळखीचा भेटला. जॅक सटकून गाडी त्याच्यावर आली तेव्हा मी तिकडे हसत उभा होतो.”

चंद्रिकाचा आवाज थांबला.

आवाज थांबला की बाहेर यायचं. पण पोटावर एवढं ओझं, सरकायचं कसं? दोराला हिसका बसला आणि गिअरबॉक्स आणखी दोन बोटं खाली दबला. हिरूला श्वास पुरेना. धुळीतले पाय एक पाऊल मागे गेले. ओरडावंसं वाटलं, वहिनी, दोर सोडू नको, बोल काहीतरी. पण हे तिला सांगायचं तोंड त्याच्याजवळ राहिलं नव्हतं. काळ्यालाही असंच वाटलं असेल, हे त्याला आज कळलं, आणि तो पडल्या पडल्या रडू लागला.



“हॉस्टेलात परवा कढी केली होती,” वरून आवाज आला. “पातळ. दक्षाने खाल्ली नाही.”

दोर ताठ झाला.

“डावीकडचा ठोकळा नीट आहे. जॅक नीट आहे. मग तिने चटणी-भाकर खाल्ली. भाकर मीच दिलेली बांधून. तांदळाची.”

भाऊ हा शब्द पुन्हा आला नाही. पण बोलणं एकदाही तुटलं नाही. ती कढीचं सांगत राहिली, मैत्रिणींचं सांगत राहिली, मधून मधून ठोकळ्यांचं सांगत राहिली, आणि दोर बोट बोट करून सोडत राहिली. हिरूने गिअरबॉक्स पोटावरून बाजूला घेतला, जमिनीवर लोटला. “हं,” म्हणायचं त्याला धाडस झालं नाही.

तो पाठीवर घसरत बाहेर येऊ लागला.

“तिची मैत्रीण घोलवडची. तिच्या घरून चिकू येतात. मग त्या दोघी मिळून...”

हिरूचं डोकं बाहेर आलं तशी ती वाक्याच्या मधोमध थांबली. दोराने सोललेले तळवे तिने लुगड्याला पुसले, आणि अंगणाबाहेर जाऊन, त्याच्याकडे पाठ करून, धनेशची वाट बघत रस्त्यावर उभी राहिली.