बुटकीच्या दोन याद्या

टाइमआउट म्हणजे नकार नव्हे, हे सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलंय. मशीन फक्त एवढंच म्हणत असतं, की ठरलेल्या वेळात मला उत्तर मिळालं नाही. काम झालं नाही, असं ते कुठेही म्हणत नाही. झालंही असेल! पण लाल अक्षरं दिसली की माणसं परस्पर काय ते ठरवून मोकळी होतात, आणि मग निस्तरायला मी आहेच.

आमचं ऑफिस कॉलेजप्रवेशाचं. शाळा संपलेली सत्तर हजार मुलं आपापल्या पसंतीची यादी ऑनलाइन भरतात, पहिलं हे, दुसरं ते. या याद्या तीन वेगवेगळ्या गावांतल्या तीन मशीनवर ठेवलेल्या असतात, म्हणजे एक बंद पडलं तरी दोन शाबूत. हे सगळं सांभाळणारी बाई मी. माझा नियम साधा होता. यादी आली की तीनपैकी दोन मशीननी 'लिहिली' म्हटल्याशिवाय मुलाला 'जमा झाली' दाखवायचं नाही, आणि त्याने यादी उघडून बघितली तरी दोघांना विचारूनच दाखवायची. थोडा वेळ जास्त लागतो. लागू दे की, कुणाची गाडी सुटतेय?

शेवटच्या दिवशी सकाळी दहालाच सगळी मुलं एकदम तुटून पडली आणि टाइमआउटवर टाइमआउट यायला लागले. आमच्या साहेबांना ऑफिसात पाठीमागे सगळे हिरवेसाहेब म्हणतात. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवरचे ठिपके हिरवे असले, की त्यांच्या दृष्टीने जगात कुणाचं काही दुखत नाही. ते धावतच आले.

"मॅडम, दोन मशीन कशाला? एकाने हो म्हटलं तरी बास. लिहायलाही एक, वाचायलाही एक."

"साहेब, तिघांचं आपसात जुळेपर्यंत मुलांना चुकीचं दिसू शकतं. त्यात तिसऱ्या मशीनचं घड्याळ चाळीस सेकंद पुढे आहे. एकाच मुलाच्या दोन याद्या आल्या, तर जिच्यावर नंतरची वेळ ती टिकते. आता घड्याळच खोटं बोलत असेल, तर..."

"घड्याळाचं नंतर बघू हो!"

नंतर! अकरा दिवस मी त्या घड्याळाच्या नावाने ओरडत होते. तिथला मशीनरूमवाला दर वेळी 'बघतो' म्हणायचा आणि नुसता बघत बसायचा. शेवटी मी साहेबांकडून लेखी मागितलं, त्यांनी दोन ओळींचा मेल टाकला आणि मी तो बदल केला. माझ्याच हाताने केला, हे आधीच सांगून टाकते. दहा मिनिटांत भिंत हिरवीगार झाली. साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. मी घेतला नाही. तेवढाच माझा निषेध.

आठ दिवसांनी कुणाला कुठे जागा मिळाली ते जाहीर झालं. यंदा माझ्या थोरल्या बहिणीची मुलगीही अर्जात होती, आणि तसं मी ऑफिसला आधीच लिहून दिलं होतं. घरात तिला बुटकी म्हणतात. लहानपणी ठेंगणी होती म्हणून. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली तरी बुटकीच. तिला यंत्र अभियांत्रिकी मिळालं. भावोजी, म्हणजे तिचे बाबा, सकाळपासून गावभर फोन करत सुटले होते. मलाही आला. "आमच्या घरात पहिली इंजिनिअर!" आनंदाने त्यांचा आवाज फुटत होता.

आणि जेवणाच्या सुट्टीत बुटकी थेट माझ्या ऑफिसच्या जिन्यात उभी. तोंड एवढंसं झालेलं.

"मावशी, मी पहिल्या नंबरवर भूगर्भशास्त्र टाकलं होतं."

"मग इंजिनिअरिंग काय आकाशातून पडलं? तूच घोळ घातला असशील."

"आधी ऐकून तरी घे गं!"

भूगर्भशास्त्राचं मला नवल नव्हतं. ही मुलगी चालायला लागली तेव्हापासून दगड गोळा करतेय. हिच्या खिशातल्या दगडांनी ताईचं कपडे धुवायचं मशीन दोनदा मोडलंय. नवल पुढच्याचं होतं. त्या दिवशी भावोजी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. यादी त्यांनी सांगितली, तिने भरली, बटण दाबलं, तर लाल अक्षरं आली: वेळ संपली. तेवढ्यात भावोजींचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत गॅलरीत गेले. हिला वाटलं, ती यादी काही पोचलीच नाही. तिने भूगर्भशास्त्र उचलून वर ठेवलं आणि पुन्हा बटण दाबलं. जमा झाली! यादी उघडून बघितली, तर तिचीच. भावोजी आत आले. "झालं का?" "झालं."

मी जेवण तसंच टाकून लॉग उघडला. आलेली प्रत्येक गोष्ट मशीन त्यात टिपून ठेवतं. पहिली यादी तिसऱ्या मशीनकडे गेली होती. त्याने उत्तर द्यायला उशीर केला, म्हणून बुटकीला टाइमआउट दिसला. पण यादी त्याने लिहिली होती, आणि वर वेळ टाकली होती चाळीस सेकंद पुढची. दुसरी यादी सव्वीस सेकंदांनी पहिल्या मशीनवर आली. त्याचं घड्याळ बरोबर. बुटकीने यादी उघडली तेव्हा आम्ही त्या एकाच मशीनला विचारलं, त्याने तिची यादी दाखवली. मग तिन्ही मशीन आपसात जुळली, बापाची यादी चौदा सेकंदांनी नंतरची दिसली आणि मुलीची पुसली गेली. आम्ही दोघांना विचारलं असतं, तर तिला तिथल्या तिथे बापाची यादी दिसली असती. तिने तिसऱ्यांदा बटण दाबलं असतं आणि विषय संपला असता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांवर, मशीनरूमवाल्यावर, आणि त्यांच्याइतकीच स्वतःवर.

असं अजून किती जणांचं झालं ते शोधलं. बुटकी धरून चौसष्ट. मिळालेली जागा पक्की करायची मुदत दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत. एकदा पक्की झाली की यादी कायमची बंद.

मी चौसष्ट नंबरांचा कागद घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं.

"सगळं हिरवं आहे, मॅडम."

"हिरवं असायला काय झालंय! मशीन चालू आहेत म्हणून हिरवं आहे. याद्या चुकल्यात."

ते जरा पुढे वाकले. आवाज खाली आणला. "असं करा, तुमच्या भाचीचं तेवढं बदलून टाका. पासवर्ड तुमच्याकडे आहेच. मी काही बघितलं नाही."

खोटं कशाला बोलू, माझी बोटं शिवशिवली. एका ओळीचं काम होतं. बुटकीचा जिन्यातला चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण उरलेल्या त्रेसष्ट जणांच्या मावश्या काही डेटाबेस सांभाळत नाहीत. त्या मुलांनी कुणाच्या जिन्यात जाऊन उभं राहायचं?

मी तो कागद घेऊन वरच्या मजल्यावर, संचालकबाईंकडे गेले. बाईंनी नीट ऐकून घेतलं. लॉगही वाचला. मला वाटलं, चला, सुटले! कसली सुटतेय.

"आपण होऊन यादी बदलायला उघडता येत नाही," त्या म्हणाल्या. "नियम आहे. विद्यार्थ्याची लेखी तक्रार हवी. अठरा वर्षं पूर्ण नसतील तर पालकाची सही हवी. उद्या बारापर्यंत असा एक अर्ज आणा, त्याच तक्रारीच्या आधारावर मी चौसष्टच्या चौसष्ट उघडते."

"पण मॅडम, आपली यादी पुसली गेलीय हे त्या मुलांना माहीतच नाही! ती समजतायत की मार्क कमी पडले."

"म्हणूनच म्हणते, एक अर्ज आणा."

बुटकी सतरा वर्षांची. म्हणजे सही कुणाची? भावोजींची! मी कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी सहा वाजता ताईच्या घरी गेले. भावोजी फोनवर कुणाच्या तरी शुभेच्छा घेत होते. त्यांनी फोन ठेवला आणि मी सगळं सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. बुटकी दाराला टेकून उभी होती. ताई हातातलं काम टाकून आली.

"म्हणजे मशीनने माझी यादी ठेवली," भावोजी म्हणाले. "मग बिघडलं कुठे?"

"नंतरची यादी ठेवायची असते, भावोजी. नंतरची तिची आहे."

"आणि ते दोनाचं एक कुणी केलं म्हणालीस?"

"साहेबांनी सांगितलं. केलं मी."

"वा! छान!" ते उठलेच. "चूक तुमची, आणि सही माझी!"

बरोबरच होतं त्यांचं. ते बुटकीकडे वळले.

"मी तुला विचारलं होतं, झालं का. तू झालं म्हणालीस."

"झालंच होतं, बाबा. काय झालं ते तुम्ही विचारलं नाहीत."

"तोंड वर करून बोलू नकोस! मी तुझ्या वाइटासाठी सांगत होतो का?"

"नाही." ती रडत नव्हती. रडली असती तर भावोजींना सोपं गेलं असतं. "चांगल्यासाठीच सांगत होतात. पण ती लाल अक्षरं आली ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, बाबा. वाटलं, सुटले."

ताईने तिच्याकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं. भावोजींचा फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो न बघताच बंद केला आणि परत खुर्चीत बसले.

मी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला. तक्रारीचं कारण लिहायला जागा होती. ती मी भरून देणार होते, पण त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि सावकाश लिहिलं: माझ्या मुलीची यादी नंतरची आहे. तीच धरावी. खाली सही केली.

बुटकी एक पाऊल पुढे आली. तिने हात पुढे केला होता, पण भावोजींनी तिच्याकडे बघितलं नाही. अर्ज त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि मलाच विचारलं, "मी शेजारी बसलो नसतो, तर तिने एकच यादी भरली असती, नाही?"

दिवसभर मी सगळ्यांना फाडफाड उत्तरं देत आले होते. या माणसाला काहीतरी बरं वाटेल असं सांगावं, असं फार वाटलं. पण खोटं बोलवेना.

"हो, भावोजी," मी म्हटलं. "एकच भरली असती."