दत्तक आजी

बद्रीनाथला दानाची हौस होती, पण दान चारचौघांत झालं पाहिजे. जुन्या जालन्यात त्याचं कापडाचं दुकान. वडिलांच्या वर्षश्राद्धाला यंदा त्यानं आष्टीच्या आधार केंद्रातल्या निराधार म्हाताऱ्यांना जेवण द्यायचं ठरवलं. दुकानाशेजारच्या व्यापाऱ्यांना सोबत घेतलं, फोटोग्राफर सांगितला. आईला कळवायचं तेवढं राहिलं. ती खेड्यावर धाकट्या भुजंगाकडे असते, तो बघतो तिचं, असं हा सांगायचा. भुजंग सांगायचा, दादा बघतो. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते काही उगीच नाही.

पंगत बसली. समोर वडिलांचा हार घातलेला फोटो. बद्रीनाथ बुंदी वाढत निघाला आणि भिंतीकडच्या ताटापाशी थबकला. ताटामागे आई बसली होती.

मुठीतली बुंदी मुठीतच राहिली. आईनं वर पाहिलं, पदर पुढं ओढला आणि हळूच म्हणाली, "वाढा शेठ. पुढचे लोक वाट पाहून राह्यले."

त्यानं वाढलं आणि तो पुढं सरकला. कान लाजेनं तापले होते, तरी सरकला. सोबतच्या व्यापाऱ्यांनी त्याची आई कधी पाहिलेली नव्हती, हे त्याला त्या क्षणीही बरं वाटलं आणि तसं वाटल्याची आणखी लाज वाटली.

जेवणं उरकली. केंद्र चालवणाऱ्या द्वारकाबाईंनी माइक घेतला. "शेठ, एका दिवसाच्या जेवणानं भागत न्हाई. सरकारचा पैसा कधी येतो, कधी येतच न्हाई. तुम्ही एक आजी दत्तक घ्या, वर्षाचा खर्चा द्या." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "ह्या दुर्गाबाई. बाजूच्या खेड्यातून पायी येतात. इचारलं तर म्हणल्या, मला लेकरूच झालं न्हाई."

सगळे बद्रीनाथकडे पाहू लागले. ही माझी आई, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं आईकडे पाहिलं. तिनं मान जराशी हलवली, नको म्हणून. लेकाची अब्रू तिला अजून जपायची होती. आणि लेकानं, मेल्यानं, ती परवानगी समजली.

"घेतली," तो म्हणाला.

"टाळ्या वाजवा," द्वारकाबाई म्हणाल्या. आईनं पदराला हात पुसले आणि सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवू लागली.