बेलभंडाऱ्याशिवाय

देव न मानणारी बाई खरं कशाला बोलेल, असं मीच बाजारभर सांगत फिरायचे. मी, माणिक. अंधेरीच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकतेय, आणि माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही.

शीतल माझ्या शेजारची. नवरा बोटीवरून परतला नाही, तेव्हा तिनं देव मानणं सोडलं, देव्हारा गुंडाळून माळ्यावर टाकला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा नळाजवळचा माझा ओटा मीच तिला बसायला दिला. तोंडी. मी परतायच्या आधीच बाजार पाडून नवा बांधला, जागा ठरवायची वेळ आली, आणि सगळ्यांना आठवत होती नळाजवळ बसलेली शीतल.

आमच्यात वाद झाला की बेलभंडारा उचलून सांगायचं. त्यावर खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. बाजारातले तंटे सोडवणाऱ्या हरेश्वर पाटलांनी बेलभंडाऱ्याचं ताट पुढं केलं. मी मूठभर हळद उचलली आणि ठोकून दिलं, "ओटा माझा. हिला कधी दिला नाय. ही घुसली."

पहिलं खरं होतं. बाकीचं भीतीनं बोलले. 'दिला' म्हटलं तर ओटा गेलाच, असं वाटलं.

पाटील शीतलकडे वळले. ती ताटाकडे बघेचना.

"मी उचलणार नाय."

"मग तुझा शब्द धरायचा कसा?"

"नका धरू. ओटा माणिकचा हाय. गुडघा कापलेला तेव्हा तिनं मला बसायला दिला. मी घुसले नाय. तिचा तिला देऊन टाका."

एवढं बोलून तिनं पाटी उचलली. आता तिच्या वाट्याला मागचा कोपरा, जिथं गिऱ्हाईक फिरकत नाही. माझी मूठ अजून पिवळी होती. अशी लाज वाटली, की गुडघा विसरून मी तिच्यामागे धावले.

"पाटील, ती खरी! भंडारा उचलून खोटं मी बोलले!"

मग अंजनाबाई, आमच्यात सगळ्यात म्हातारी, खदाखदा हसली. "स्वतःच्या पोटावर पाय देऊन खरं बोलली ती. तिला ताट कशाला गो?"

बायकांनी असा गलका केला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मी शीतलची पाटी हिसकावून नळाजवळ ठेवली. ओटा दोघींना पुरतो.

"तुझा देव रागावेल ना," ती म्हणाली.

"माझं मी बघते. तू बस."

ते ताट आता कपाटावर पडलेलं असतं. भांडण पेटलं की बाजारातून एकच हाक येते, "शीतलला बोलवा!"