ढोलीमागचा शब्दकोश

मी शब्दकोश बोलतोय. इंग्रजी-मराठी. वय झालं, पण खोडी गेली नाही. शिक्षण माझं अपुरंच. 'टी' अक्षरातल्या 'टेक'च्या पानापर्यंत मी शाबूत, पुढचं सगळं उधईने खाल्लं. तरी ऐट बघा!

आधी मी केशोराव गुरुजींकडे होतो. त्यांना हवी तीच दोन पानं मी चिकटवून धरायचो, आणि गुरुजी थुंकी लावून लावून थकायचे. शेवटी त्यांनी मला सालेकसाकडच्या रिंकीला देऊन टाकलं.

रिंकी बारावी झालेली. बिरसीच्या विमानतळावर प्रवाशांना मदत करायची नोकरी तिला हवी होती. मुलाखत इंग्रजीत. असल्या दोन मुलाखतींत तिच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. ही तिसरी.

उन्हाळ्यात ती आईसोबत तेंदूपत्ता बांधायला बसायची आणि मांडीवर मला उघडून 'टेक' घोकायची. 'टेक' म्हणजे घेणे, पण तेवढ्यावर भागतं कुठे? चहा घ्यायचा तरी 'टेक', फोटो काढायचा तरी 'टेक'. आपण परीक्षा देतो, इंग्रज ती 'टेक' करतो! आंघोळ, औषध, वेळ लागणं, सगळीकडे तोच. वर 'ऑफ' जोडलं की पायातली चप्पल निघते आणि विमानही उडतं.

"एक शब्द नं एवढी कामं?" तिची आई शामकला म्हणाली. "नाईतं तुहा बाप! एकच काम, थेबी झोपाचं."

खाटेवरून बाप, सुखराम, बोलला, "आयकून राहिलो मी!"

"आयकून राहिले तं उठा."

शामकलाबाईला अक्षर येत नाही. तिने काट्याने एकेका तेंदूपानावर खूण कोरली. कप, डोळा, चप्पल, पाखरू. बारा अर्थ, बारा पानं. पण बारा पानांवर सुतळी आवळायला तिचा हात तयार होईना. खरेदीत सत्तर पानांचाच पुडा चालतो ना! मग अठ्ठावन्न कोरी पानं लावून तिने तो पुरा केला. मी पोट धरून हसलो.

मुलाखतीच्या सकाळी मला खोडी सुचली. रिंकी मला पिशवीत टाकणार, तेवढ्यात कोनाड्यातून घसरलो आणि धान साठवायच्या ढोलीमागे जाऊन बसलो.

"माय, पुस्तक कोठं गेलं वं? त्याच्याबिगर मी नाई जात!"

तिचा आवाज रडवेला झाला. तिकडे गाडीची शिट्टी. माझं हसू आटलं. पण मला घसरता येतं, वर चढता येत नाही.

"कायले शोधून राहिली?" शामकलाबाईने तिच्या हातात पुडा दिला. "हा धर अन् पळ!"

दिवसभर मी ढोलीमागे काळोखात पडून होतो. तिची वाचा पुन्हा बसली तर ती माझ्यामुळे.

दिवेलागणीला अंगणातूनच आरोळी आली, "लागली वं माय, नोकरी लागली!" मग ती आईला सांगू लागली. साहेबांसमोर जीभ अडली, तेव्हा मांडीवरच्या पुड्यातल्या खुणांवर तिने अंगठा फिरवला. चप्पल लागली, पाखरू लागलं, आणि तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी झाडताना मी सापडलो. ज्या बाईला मी हसलो, तिनेच मला पदराने पुसलं, अगदी हळू.

"पडला असन बिचारा," ती म्हणाली.

पडलो नव्हतो, बाई. लपलो होतो.